घराचाच पत्ता, घरातच धंदा. मग विमा नेमका कशाचा?

आमच्या इकडे धंद्याला वेगळी जागा फार थोड्यांकडे असते. ओसरीत किराणा, सपरीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत मिरची-हळदीची चक्की, अंगणात टिनाखाली पापड-कुरड्या. मी यवतमाळ जिल्ह्यात उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांसोबत सीआरपी म्हणजे गटांना मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती म्हणून काम करते. गटातल्या बायांचे अर्ज भरून देणं हे त्यातलं रोजचं काम. अर्जात ‘व्यवसायाचा पत्ता’ हा रकाना आला की हमखास एक प्रश्न येतो, "ताई, घरचाच लिहू काय? मंग काही होईन तं नाही?"

घरचा लिहिता येतो. उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला चालतो, जीएसटीला चालतो, खाण्याच्या पदार्थांसाठी लागणाऱ्या एफएसएसएआय नोंदणीला चालतो, बँकेलाही चालतो. अडचण वेगळीच आहे. हा एकच पत्ता आपण पाच-सहा ठिकाणी देतो आणि त्या प्रत्येक ठिकाणी कळतं की या घरात धंदा आहे. फक्त विमा कंपनीला ते कळत नाही, कारण तिला आपण सांगतच नाही. तिच्या कागदावर ते घर राहतं घरच असतं.

हे मला माझ्या नणंदेच्या घरावरून कळलं. पुसद तालुक्यात तिचं घर. कर्ज काढून बांधलं आणि कर्जासोबतच घराचा विमा निघाला. दोन वर्षांनी पुढच्या खोलीत तिनं मसाल्याची चक्की टाकली. उद्यमचा कागद, एफएसएसएआयचा नंबर, पॅकेटवरचं लेबल, सगळं त्याच पत्त्यावर आणि सगळं बरोबर. एप्रिलात एका रात्री चक्कीच्या बोर्डातून ठिणगी पडली. तालुक्याहून आग विझवायची गाडी येईपर्यंत खोली गेली. जळलेल्या मिरचीचा ठसका गल्लीत दोन दिवस होता. क्लेम केला, तेव्हा छताचे आणि भिंतीचे पैसे मंजूर झाले. चक्की, पॅकिंगचं मशीन आणि हंगामासाठी भरून ठेवलेली मिरची यांचा एक रुपया आला नाही. पॉलिसी घरवापराच्या सामानाची होती आणि घरात धंदा असल्याचं कंपनीला कधी कळवलेलं नव्हतं, एवढंच उत्तर मिळालं. "सगळे कागद होते आमच्यापाशी," असं ती आजही म्हणते. होतेच. पण त्यातला एकही कागद विम्याच्या फाईलला लागलेला नव्हता.

म्हणून पत्ता आणि विमा या दोन गोष्टी मी आता वेगवेगळ्या सांगत नाही.

आधी पत्त्याचं

प्रत्येक खातं पत्ता विचारतं, पण प्रत्येकाला त्यातून वेगळं काहीतरी हवं असतं. उद्यम नोंदणीचं सगळ्यांत सोपं. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधारवर होते, फुकट होते आणि जागेचा एकही कागद अपलोड करावा लागत नाही. तुम्ही सांगाल तो पत्ता ते धरतात. ज्यांच्याकडे पॅन किंवा जीएसटी नाही अशा अगदी छोट्या धंद्यांसाठी उद्यम असिस्ट हा वेगळा मार्ग २०२३ पासून आहे. दुकान-आस्थापना कायद्याचंही, म्हणजे लोक ज्याला अजून ‘गुमास्ता’ म्हणतात त्याचंही, फार ओझं नाही. राज्याचा २०१७ चा नवा कायदा आल्यापासून एक-दोन माणसांच्या धंद्याला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं.

जीएसटीला मात्र जागा कोणाची हे पाहिजे असतं. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी लागतच नाही. त्यामुळे आमच्या बहुतेक बायांना हा प्रश्न येत नाही. ज्यांना येतो त्यांच्या घराची अवस्था ठरलेली असते: घर सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल आजेसासऱ्यांच्या नावावर आणि धंदा सुनेचा. अशा वेळी घरमालकाचं संमतीपत्र लागतं आणि सोबत त्याच्या मालकीचा कागद. ‘माझ्या घरात माझी सून अमुक धंदा करते, माझी हरकत नाही’ एवढं साध्या कागदावर लिहून सही. केंद्रीय जीएसटी खात्यानं १७ एप्रिल २०२५ ला आपल्या अधिकाऱ्यांना सूचना काढून सांगितलं की स्वतःच्या जागेसाठी वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा तशा कागदांपैकी कोणताही एक पुरेसा आहे आणि नसते जादा कागद मागू नयेत. कोणी मुद्रांकावर करार करून आणा म्हणून पैसे मागत असेल, तर ही तारीख सांगा.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी विचारा. करारात ‘फक्त राहण्यासाठी’ असं लिहिलेलं असतं, आणि तुमच्या धंद्याची गोष्ट त्याला पॅकेटवरचा पत्ता वाचून कळावी हे बरं नाही.

आता गावाकडची खरी अडचण. शहरात घर नंबर, गल्ली, पिनकोड असा पत्ता असतो. आपल्याकडे मु., पो., ता., जि. एवढाच. मुक्काम एका गावाचा, पोस्ट दुसऱ्या गावाचं, पिनकोड त्या दुसऱ्या गावाचा. तांड्यावरच्या किंवा पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीतल्या) घराचं तर आणखी अवघड, कारण आधारवर तांड्याचं नाव असतं आणि महसुली कागदावर मूळ गावाचं. आधारवर आडनाव एका तऱ्हेनं, पॅनवर दुसऱ्या तऱ्हेनं, ग्रामपंचायतीत तिसऱ्याच. अर्ज इथंच अडकतात आणि पुढे क्लेमही इथंच अडकतात.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. ही कर आकारणीची नोंदवही. तिच्यात घराचा मालमत्ता क्रमांक असतो, मालकाचं नाव असतं, बांधकाम कसं आहे ते असतं. बोलताना सगळे ‘आठ-अ’ म्हणतात म्हणून घोटाळा होतो. तलाठ्याकडे मिळतो तो ८-अ शेतजमिनीच्या खात्याचा, घराचा नव्हे. घराचा नमुना ८ ग्रामसेवकाकडे मागायचा. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. सगळ्या अर्जांत, आणि विम्यात तर नक्कीच, पत्त्यापुढे हा मालमत्ता क्रमांक लिहा आणि अक्षरं सगळीकडे एकसारखी ठेवा. नमुना ८ हा करासाठीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही, हेही लक्षात असू द्या. तुमच्या गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका काढून घ्या. २०२० साली सुरू झालेली ही योजना आहे आणि घराच्या हक्काचा असा कागद गावाकडे पूर्वी नव्हता. घर अजून वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर वारसांची नोंद आधी करून घ्या. हे काम कोणालाच आवडत नाही, कारण भावाभावांत विषय निघतो. पण पुढे क्लेमचे पैसे कोणाला द्यायचे हा वाद आगीनंतर निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

ग्रामपंचायतीला धंद्याचं कळवलं की घरपट्टीत त्या भागाची आकारणी थोडी वाढू शकते, कारण वाणिज्य वापराला निवासीपेक्षा जास्त भार धरतात. त्या भीतीनं लोक लपवतात. एका खोलीपुरती होणारी वाढ आणि लपवल्यामुळे जाणारा क्लेम यांची तुलनाच नाही.

एक गोष्ट खास बायांसाठी. खाद्यपदार्थाच्या पॅकेटवर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर द्यावाच लागतो. जीएसटी नंबर टाकला की पत्ताही कोणालाही दिसतो. म्हणजे घराचा पत्ता दिला की तो जगजाहीर झाला. घरात एकट्या राहणाऱ्या बाईला हे नको वाटणं साहजिक आहे. गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या (गावातल्या गटांच्या संघाच्या) नावानं उत्पादन काढायचं आणि सामायिक शेडचा पत्ता द्यायचा, हा त्यावरचा चांगला मार्ग. पण मग माल खरोखर त्या शेडमध्येच बनला पाहिजे. एफएसएसएआयची नोंदणी जागेपुरती असते.

वीजमीटर: जिथं लोक उगाच घाबरतात, आणि जिथं घाबरायला हवं

घरच्या मीटरवर धंदा चालवला तर महावितरणवाले दंड करतील, ही भीती गावोगाव आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात याचं उत्तर आहे. घराच्या एका भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. हिशेब करून बघा. ३ एचपीची चक्की म्हणजे साधारण सव्वादोन किलोवॅट. रोज दोन तास चालली तर महिन्याला १३०-१३५ युनिट. घरचे ८०-१०० युनिट धरले तरी ३०० च्या आत. शिलाई मशीन तर कशातच नाही. वर्षाचा आकडा ३६०० च्या वर गेला की पुढे दर बदलतो. पिठाची गिरणी, दाल मिल, भात गिरणी यांना तेव्हा औद्योगिक दर लागतो, दुकानाचा वाणिज्य दर नव्हे. हे बिल बदलताना नीट बघून घ्या.

मंजूर भार, म्हणजे कनेक्शनवर किती किलोवॅट चालवायची परवानगी आहे तो आकडा, मात्र वाढवून घ्याच. एक किलोवॅटच्या जुन्या वायरिंगवर चक्की लावली की दंडाचं सोडा, आगीचंच आमंत्रण. माझ्या नणंदेकडे नेमकं हेच झालं होतं.

घाबरायला हवं ते शेतीपंपाच्या कनेक्शनला. शेतातल्या घरात किंवा गोठ्यात त्या लाइनवर चक्की, कूलरची दुरुस्ती, वेल्डिंग असं काही चालवलं तर तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि केव्हापासून सुरू आहे हे कळलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची धरतात. शेतजमिनीवर धंद्याची शेड टाकायची असेल तर अकृषिक वापराचं काय, हे आधी तहसीलमध्ये विचारून घ्या. त्या शेडला विमा काढतानाही तोच प्रश्न येणार.

विमा: घराचा कुठे संपतो, धंद्याचा कुठे सुरू होतो

१ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी देतात. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल अशी संकटं तिच्यात येतात. घराच्या इमारतीचा जेवढ्याचा विमा, त्याच्या २० टक्के रकमेचं सामान आपोआप त्यात धरलं जातं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. म्हणजे १० लाखांचं घर असेल तर २ लाखांचं सामान. ऐकायला छान वाटतं. पण ते सामान म्हणजे घरवापराचं: पलंग, कपाट, टीव्ही, फ्रिज, भांडीकुंडी. विकायला ठेवलेली पापडाची खोकी, कापडाचे तागे, चक्की, दुकानातलं वजनकाट्याचं मशीन हे त्यात येत नाही. एका खोलीत दोन्ही शेजारी शेजारी असलं तरी विम्याच्या नजरेत ती दोन वेगळी सामानं आहेत. आणि इमारतीचा विमा काढतानाही, तिच्या एका भागात धंदा चालतो हे प्रस्ताव अर्जात लिहिलेलं हवं. विमा हा सगळा सांगितलेल्या माहितीवर चालणारा करार आहे. सांगितलं नाही, तर कंपनीला नाही म्हणायला जागा मिळते.

धंद्याच्या सामानासाठी वेगळी पॉलिसी लागते, तिचं नाव ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असणाऱ्या धंद्यांसाठी ती आहे, म्हणजे आपण सगळेच त्यात आलो. मशीन, फर्निचर, कच्चा माल, तयार माल, हवी असेल तर इमारतही, असं सगळं वेगवेगळ्या रकमेनं लिहिता येतं. याशिवाय दुकानदारांसाठी एकत्रित पॉलिसी मिळतात, ज्यात आगीबरोबर घरफोडी, गल्ल्यातली रोकड, मशीनचा बिघाड असे भाग निवडता येतात. एजंटला नुसतं ‘दुकानाचा विमा द्या’ म्हणू नका. कोणते भाग घेतले ते वाचून दाखवायला सांगा.

चोरीबद्दल लोकांची फार मोठी गैरसमजूत आहे. वर सांगितलेल्या दोन्ही भारत पॉलिसींत साधी चोरी येत नाही. आग किंवा पुरासारखी विम्यातली घटना घडली आणि त्यानंतर सात दिवसांत त्या गोंधळात सामान चोरीला गेलं, तर तेवढंच येतं. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा भाग घ्यावा लागतो, आणि त्यातही कुलूप-कडी तोडल्याची खूण दिसावी लागते. लग्नाला गेलो आणि मागचं दार लोटलेलंच राहिलं, हे तिथं चालत नाही.

विजेच्या मशीनचंही तसंच. व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटार जळली तर आगीची पॉलिसी त्या मोटारीचे पैसे देत नाही. त्या मोटारीतून आग पसरली आणि बाकीचं जळलं, तर ते बाकीचं येतं. मोटारीसाठी मशीन बिघाडाचा भाग वेगळा. पावसाळ्यात कुरड्यांना बुरशी आली किंवा उंदरांनी पोती फोडली तर कोणतीच पॉलिसी उभी राहत नाही, ती काळजी आपलीच.

बांधकामाबद्दलही खरंच लिहा. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, ताडपत्री असेल तर ते कच्चं बांधकाम धरतात. माती-विटांची भिंत आणि वर टिना किंवा कवेलू असेल तर तसंच शब्दांत लिहा. पक्कं घर म्हणून टिक केलेली आणि प्रत्यक्षात निम्मं मातीचं असलेली घरं मी पाहिली आहेत.

विमा कोणाच्या नावानं काढायचा? ज्याचं नुकसान होणार त्याच्या नावानं. घर सासऱ्यांचं असेल तर इमारतीचा विमा सासऱ्यांच्या नावे, माल सुनेचा असेल तर मालाचा विमा सुनेच्या नावे. उद्यम नोंदणी तिच्या नावावर आणि मालाची पॉलिसी नवऱ्याच्या नावावर, असं होऊ देऊ नका.

बचत गटांत तर हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. गटानं कर्ज काढून दीड-दोन लाखांची मिरची, हळद, गहू घेतला, आणि ठेवला कुठे? अध्यक्षाच्या घरी, कारण तिचं घर मोठं. माल दहा जणींचा, घर एकीचं, आणि विमा कोणाचाच नाही. समजा उद्या ते घर जळलं. त्या बाईच्या घराच्या पॉलिसीत गटाचा माल येणार नाही. कर्जाचे हप्ते दहाही जणींना भरावे लागतील आणि बोल मात्र त्या एकीला लागेल. गटाच्या नावानं मालाची पॉलिसी घ्या आणि माल ठेवण्याचं ठिकाण म्हणून अध्यक्षाच्या घराचा मालमत्ता क्रमांक लिहा. अध्यक्ष बदलली आणि माल दुसऱ्या घरी गेला, तर त्याच आठवड्यात कंपनीला कळवा. याबद्दल ठराव लिहून ठेवायला मी प्रत्येक गटाला सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगत राहणार.

पॉलिसीवर ‘रिस्क लोकेशन’ म्हणजे जोखमीचं ठिकाण असा एक रकाना असतो. विमा त्या ठिकाणच्या मालाचा असतो. माल तालुक्याच्या गोदामात किंवा भावाच्या घरी असेल आणि तो पत्ता कागदावर नसेल, तर पूर्ण प्रीमियम भरूनही तिथलं नुकसान मिळत नाही. कर्जासोबत बँकेनं काढून दिलेल्या पॉलिसीत हा रकाना जरूर बघा. तिथं कधी कर्जदाराचा जुना पत्ता असतो, कधी नुसतं गावाचं नाव. त्या पॉलिसीची प्रत मागून घरी ठेवा. क्लेमचे पैसे आधी बँकेच्या कर्जात वळते होतात, हेही माहीत असू द्या.

रकमेचं एक गणित समजून घ्या. मालाची किंमत ४ लाख आणि विमा २ लाखांचा काढला. १ लाखाचा माल जळला. लोकांना वाटतं १ लाख मिळतील, कारण विमा २ लाखांचा आहे. पण तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढला, म्हणून नुकसानीच्याही निम्मे, ५० हजार. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमीपणा माफ असतो, त्याहून जास्त नाही. आपला धंदा तर हंगामी. जानेवारीत घरात २० हजारांचा माल असतो, एप्रिलात दीड लाखाचा. विमा एप्रिलचा आकडा धरून काढायचा.

आणि कापूस. भाव वाढेल म्हणून फाल्गुन-चैत्रापर्यंत कापूस घरात भरून ठेवणारी घरं आपल्याकडे गावागणिक आहेत, आणि त्याच घरात चुलीवर पापडाची उकड शिजत असते. पीक विमा शेतातल्या पिकाचा असतो, घरात आणलेल्या कापसाचा नाही. घराच्या पॉलिसीतही तो घरवापराचं सामान ठरत नाही. ज्या घरात कापसाची खोली आहे तिथं चक्की किंवा भट्टी टाकताना भिंतीपलीकडे काय आहे हे आधी बघा आणि कंपनीलाही सांगा.

वैनगंगेच्या ऑगस्ट २०२० च्या पुरात भंडारा, गडचिरोलीकडे, आणि जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर, वर्धा, यवतमाळात घरात पाणी शिरलं. पंचनाम्यावर सरकारी मदत मिळते, पण ती आधार म्हणून असते. धंद्याच्या मालाची पूर्ण भरपाई तिच्यातून होत नाही. नदी-नाल्याजवळ राहणाऱ्यांनी पॉलिसीत पूर आहे ना, हे बोट ठेवून वाचावं.

आठवडी बाजाराला माल नेणाऱ्यांसाठी एवढंच: खासगी मोटारसायकल आणि कारच्या पॉलिसीत मालवाहतूक आणि भाड्यानं वापर वगळलेला असतो. रोज पोती वाहायची असतील तर मालवाहू गाडीचीच पॉलिसी पाहिजे.

नुकसान झालंच तर

त्याच दिवशी कंपनीला फोन करा आणि लेखी कळवा. खोली झाडून काढू नका. जळका, भिजका माल फेकू नका, सर्व्हेअर (नुकसान मोजायला येणारा माणूस) येईपर्यंत तसाच राहू द्या आणि फोटो काढा. तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांत नोंद आणि गाडी आली असेल तर अग्निशमनचा दाखला घ्या. सर्व्हेअर मालाचा हिशेब मागतो. आपलं रजिस्टर त्याच खोलीत असतं आणि मालाबरोबर तेही जळतं. म्हणून दर शनिवारी रजिस्टरच्या पानाचा आणि खरेदीच्या बिलांचा फोटो काढून दुसऱ्या गावच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवायचा. आमच्या गटांत हे आता सवयीचं झालं आहे.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलं ते पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथं ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही. मार्गदर्शनासाठी विमा नियामकाचा १५५२५५ हा फुकटचा नंबर आहे.

आता ज्यांच्या घराचा विमा आधीच आहे आणि धंदा नंतर सुरू झाला, त्यांनी काय करायचं? कंपनीला एक पत्र लिहायचं. आम्ही गटात हेच वापरतो, तुम्हीही उतरवून घ्या:

‘महोदय, माझ्या घराची आपल्याकडे पॉलिसी आहे, क्रमांक अमुक. घर मु. अमुक, पो. तमुक, ता., जि., ग्रामपंचायत मालमत्ता क्रमांक अमुक. घराच्या पुढच्या एका खोलीत मी अमुक महिन्यापासून मसाला दळण्याचा व्यवसाय करते. खोलीत ३ एचपीची चक्की आणि पॅकिंगचं मशीन आहे. हंगामात जास्तीत जास्त एवढ्या रुपयांचा माल असतो. भिंती विटांच्या, छत टिनाचं आहे. घराच्या पॉलिसीत या वापराची नोंद करून तसा शेरा पाठवावा, आणि मशीन व माल यांच्या विम्यासाठी लागणारा प्रीमियम कळवावा. सोबत नमुना ८, उद्यम प्रमाणपत्र आणि खोलीचे फोटो जोडले आहेत.’

हे पत्र ईमेलनं पाठवा किंवा कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. एजंटच्या हातात दिलं म्हणजे कंपनीला मिळालं असं समजू नका. उत्तरात सुधारित पॉलिसी आली की तिच्यावरचं नाव, मालमत्ता क्रमांक आणि धंद्याचं वर्णन पत्राशी जुळतं का ते शब्दाशब्दानं ताडून बघा, आणि चूक असेल तर त्याच दिवशी परत लिहा.